गोणीभर गाळ

मानोऱ्याजवळच्या तांड्यावर फुलसिंगचं तीन एकर बरड वावर आहे. त्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात खाटेएवढी जागा तो कधी नांगरत नाही. बैल तिथवर आले की तास वळवून घेतो. तिथं ना देवाचा दगड, ना कुणाची समाधी. साधं गवत उगवतं. नव्या माणसानं विचारलंच, तर तांड्यावरचे लोक हसून सांगतात की तो फुलसिंगचा समुद्र आहे. फुलसिंगही हसतो, पण नांगर काही घालत नाही.

गोष्ट चोपन्न सालच्या होळीच्या मागची-पुढची.

त्या वेळी फुलसिंगचा बाप हेमला जिवंत होता. ऐंशीच्या घरातला, कमरेत वाकलेला, पण आवाज खणखणीत. आगगाडी येण्याआधी लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून कोकणात उतरत आणि मीठ लादून वर येत. त्या वाटेवर चाललेला माणूस तांड्यावर आता तो एकटाच उरला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. दुपारी तांड्याच्या नायकाच्या दारच्या लिंबाखाली बसला की त्याचे बैल निघालेच म्हणून समजा. पुढच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ, घाटातली उतरण, आणि शेवटी समुद्र.

"समुद्र मंजे कसा?" तो सांगे. "आपलं तळं असते नं, तसाच. फक्त पलीकडचा काठ नाई. पानी भरलं ते भरलं. बाराई मयने तेवढंच."

लहानपणापासून फुलसिंगनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की डोळे मिटले तरी त्याला ते थोरलं तळं दिसे. त्या दिवसांची एकच वस्तू घरात उरली होती. बैलाच्या पाठीवर टाकायची दुहेरी गोणी, दोन्ही अंगांना एकेक तोंड असलेली. ती खुंटीला टांगलेली असे. तिच्यात कुणी कांदा ठेवलेलाही हेमलाला चालत नसे.

दिवाळी झाली आणि मुकादम अमरसिंग माणसं गोळा करायला आला. काम समुद्राकाठी होतं. खाडीवरच्या एका कोळ्यांच्या गावात घरांच्या मागून पाण्याच्या गल्ल्या गेल्या होत्या, घरोघरच्या होड्या त्यांतून ये-जा करत. त्या गल्ल्या गाळानं भरल्या होत्या आणि होड्या रुतून बसत होत्या. गाळ उपसायला माणसं हवी होती. फुलसिंगनं आपलं आणि बायकोचं, रुपाबाईचं, नाव देऊन टाकलं आणि घरी येऊन बापाला सांगितलं.

हेमलानं खुंटीवरच्या गोणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माया बाप शंभर बैल घेऊन जाये तथी. तू फावडं घेऊन जाऊन राह्यला?"

"बैल कुठी हायेत आता, बा? काम तं करा लागते."

"कर मंग. मले कायले विचारतं?"

खरी चूक फुलसिंगनं दुसऱ्या दिवशी सकाळी केली. पीठ-मीठ, भांडी न्यायला घरात धड पिशवी नव्हती, म्हणून त्यानं खुंटीवरची गोणी काढली. हेमला बाजेवर बसून पाहत होता. त्यानं एकदा रिकाम्या खुंटीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. फुलसिंग पाया पडला तरी उठला नाही. त्या दिवसापासून बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

कारंज्यापर्यंत बैलगाडी, तिथून लहान आगगाडीनं मूर्तिजापूर, मग मोठी गाडी, मग ट्रक. खाडीवरच्या गावात पोचले तेव्हा फुलसिंग पाहतच राहिला. आपल्याकडे दारात बैल बांधतात तशी तिथं प्रत्येकाच्या मागच्या दारी होडी बांधलेली. बाई पायरीवर बसून भांडी घासते आहे आणि तिच्या पुढ्यातून शेजारीण होडीत बसून बाजाराला चालली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर गल्ल्यांत पाणी नाही. नुसता काळा चिखल, आणि होड्या कलंडून पडलेल्या. ठेकेदारानं वरून पाणी बंद केलं असणार, असं सगळ्यांनी धरलं आणि कामाला लागले. भाकरीची वेळ झाली तेव्हा तांड्यावरच्याच किसनसिंगनं डोकं चालवलं. वर ऊन होतं आणि गल्लीच्या तळाला भिंतीची सावली. तिथंच कडेच्या घट्ट जागी त्यांनी तीन दगड मांडले, चूल पेटवली, बायका ज्वारीचं पीठ मळायला बसल्या. गेलेलं पाणी परत येतं, हे वऱ्हाडातल्या माणसाच्या डोक्यात यावं तरी कसं? आमच्याकडे नाल्याचं पाणी गेलं की पुढच्या पावसाळ्याशिवाय तोंड दाखवत नाही. आधी पायाचे तळवे ओले झाले, मग चूल फुसकन विझली, आणि बघता बघता परात, पीठ, फावड्यांचे दांडे सगळं तरंगत गावाच्या दिशेनं निघालं. कोळणी मागच्या दारांत उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. त्यांनीच होड्या घालून परात आणून दिली.

सगळ्यांबरोबर फुलसिंगही हसला. मग हसता हसता थांबला. दिवसातून दोनदा पाणी जातं आणि दोनदा येतं. समुद्र पाहिलेला माणूस आणखी काही विसरेल, पण हे विसरेल? बाच्या समुद्रातलं पाणी तर कधी हललंच नव्हतं. त्याला जे कळायचं ते कळलं, आणि वाईट वाटलं. पण मनातल्या मनात जरा बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोला. बापाच्या अबोल्याचा राग त्याच्या पोटात होताच.

पण ते चार महिने मोठ्या सुखाचे गेले. सुकत्या मासळीच्या वासानं पहिले आठ दिवस रुपाबाईच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि पुढं घरी परतल्यावर त्याच वासाची तिला आठवण येऊ लागली. पाणी गेलं की उतरायचं, आलं की वर यायचं. देवाला नारळ वाहायला होडीतून निघालेल्या नवरा-नवरीच्या जोडप्याला त्यांनी चिखलातून वाट करून दिली, तेव्हा नवरीनं हसून हात हलवला होता. पहिली गल्ली साफ झाली आणि तिच्यातून भरली होडी कुठं न अडता सरळ निघून गेली, तेव्हा मागच्या दारांत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. इतकी वर्षं माती खणली, पण आपल्या कामावर कुणी डोळे पुसलेले फुलसिंगनं पहिल्यांदाच पाहिले.

एकाच गोष्टीनं त्याचा जीव कळवळे. तो गाळ. काळाभोर, लोण्यासारखा. आमच्याकडे तळ्याचा गाळ गाडीभर मिळावा म्हणून माळी लोक पहाटेपासून भांडतात, आणि हे लोक तो होडीत भरून लांब फेकून येत. फुलसिंगला आपलं बरड वावर दिसे. शेवटी त्यानं ठरवलं, आणि जायच्या आठवड्यात बापाच्या गोणीची दोन्ही तोंडं त्या गाळानं भरून उन्हात वाळत ठेवली.

एका म्हाताऱ्या कोळणीनं ते पाहिलं. "खारी माती ती बाबा," ती म्हणाली. "तिच्यात काय पिकनार?"

फुलसिंगला वाटलं, फुकट नेतो म्हणून हिच्या पोटात दुखतंय. तो नुसता हसला.

होळीला सगळे घरी आले. मूर्तिजापूरच्या फलाटावर ती गोणी उतरवताना दोघांचे खांदे गेले. हेमलानं गोणीकडे पाहिलंसुद्धा नाही. धुळवडीच्या दिवशी दुपारी लिंबाखाली सगळा तांडा जमला. लोक आग्रह करू लागले तसा म्हातारा खुलला आणि त्याचे बैल पुन्हा घाट उतरून काठाला लागले. "पानी भरलं ते भरलं," तो म्हणाला.

किसनसिंग दोन घोट घेऊन बसला होता. तो म्हणाला, "काका, तथी तं पानी दिवसातून दोनदा जाते अन् दोनदा येते. आमची परात वाहून गेली. तुमी कोन्या समुद्रावर गेले होते?"

लोक हसले. हेमलानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर फुलसिंगवर येऊन थांबली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मुलाकडे सरळ पाहिलं होतं. फुलसिंगनं एक शब्द बोलायचा होता, कोणताही. तो खाली पाहून जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. म्हातारा काठी टेकत उठला आणि घरी गेला. त्यानंतर तो लिंबाखाली आला नाही.

फुलसिंगला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. माफी मागावी तर कशाची मागावी, हेही सुचेना. त्यानं सगळा जीव त्या कोपऱ्यात घातला. गाळ पसरला, वाफा केला, मेथी आणि वांगी लावली. नाल्यातल्या झिऱ्यावरून रुपाबाई घागरीनं पाणी आणून घाले. हिरवं वावर बापाला दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. मेथी वर आली, दोन पानांची झाली आणि जळून गेली. वांग्यांनी माना टाकल्या. चैत्राच्या उन्हात वाफ्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसू लागलं. किसनसिंग बांधावरून जाता जाता म्हणे, "काय फुलसिंग, भरती आली का?"

"मले मालूम होतं," एक दिवस रुपाबाई घागर खाली ठेवत म्हणाली. "घमेलं डोक्यावर घेतलं का थेंब तोंडावर ये. खारट लागे."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी लेकरावानी खुश होते. बोलाव वाटलं नाई."

तिच्यावर रागवावं असं फुलसिंगला वाटलं, पण जमलं नाही. त्यानं फावडं घेतलं. वरची माती खरवडून नाल्यात टाकून द्यायची आणि हा विषय संपवायचा, असं ठरवून तो वाफ्यापाशी आला, तर तिथं दोन शेळ्या मान खाली घालून वाफा चाटत होत्या. आणि त्यांच्याशेजारी काठी टाकून त्याचा बाप बसला होता. घरापासून इतकं अंतर तो वर्षभरात चालला नव्हता.

हेमलानं वाफ्यावरची पांढरी पापडी नखानं उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"मीठ हाय," तो म्हणाला.

फुलसिंगच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "चूक झाली, बा. मले वाटलं गाळ चांगला हाय. काढून टाकतो."

"त्याच गोनीत आनलं?"

"हो."

"साठ-सत्तर सालं झाले त्या गोनीत मीठ नोयतं आलं." म्हाताऱ्यानं पुन्हा नखभर पापडी उचलली. ती त्यानं चघळली. मग शेळ्यांकडे पाहत म्हणाला, "मी समुद्र नाई पाह्यला, फुल्या."

फुलसिंग खाली बसला.

"बाप घाटावरच थांबवे मले. थकलेले बैल राखाले. लहान होतो. दुरून, लय दूर, कायतरी चमके. बाप म्हने, पुढच्या खेपेले नेतो. पुढची खेप झालीच नाई, गाडी आली." तो थांबला. "तू निंगाला तवा मले राग नोयता आला. मले यायचं होतं."

 पुढच्या दिवाळीला नेतो, हे शब्द फुलसिंगच्या अगदी ओठांवर आले होते. पण म्हाताऱ्याचे पाय पाहून आणि तेच शब्द बापानं आधी एकदा ऐकले आहेत हे आठवून त्यानं ते गिळले. त्याच्या डोळ्यांना मात्र पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"पानी खरंच मागं जाते?" हेमलानं विचारलं.

मग फुलसिंगनं सांगायला सुरुवात केली. गल्ल्या कशा रिकाम्या होतात, होड्या कशा कलंडतात, पाणी आधी बोटांना कसं लागतं, परात कशी निघून गेली. म्हातारा लहान पोरासारखा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होता. ऊन उतरेपर्यंत बाप-लेक तिथंच बसले होते. फावडं बांधावर पडून राहिलं, ते त्या जागेत पुन्हा कधीच चाललं नाही.

चार दिवसांनी दुपारी फुलसिंग बापाला धरून लिंबाखाली घेऊन आला. लोकांनी सरकून जागा करून दिली. किसनसिंग दुसरीकडे पाहू लागला. हेमला बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "एक गोठ राह्यली सांगाची. समुद्राचं पानी मागं जाते. आमी काठावर चूल मांडली होती, बैल सोडले होते. पायाले थंड लागलं म्हून पाह्यलं, तं पानी. चूल इझली. परात निंगाली तरंगत. कोळनी हसून राह्यल्या..."

सगळे फुलसिंगकडे पाहू लागले. तो मान हलवत मन लावून ऐकत होता, जणू पहिल्यांदाच ऐकतो आहे. म्हातारा रंगला होता. पण पाणी पुन्हा मागं गेलं तिथं तो अडला. पुढचं त्याला आठवेना. त्यानं मुलाकडे पाहिलं, धुळवडीला पाहिलं होतं तसंच.

"मंग... परत कवा ये रे ते पानी?"

"सा घंट्यानं, बा," फुलसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तूच तं सांगतलं होतं मले, मी निंगालो तवा."