अंगणातली रुई

सुभद्राबाईनं सूपभर पाला कुडावरून पलीकडं उलटा केला आणि रिकामं सूप तुराट्यांवर आपटून झटकलं. पाला शेवग्याचा होता, त्यात दोन-चार सुरवंटही होते. पलीकडं रुखमा न्हाणीजवळ भांडी घासत बसली होती. नुकत्याच धुतलेल्या परातीत तो सगळा पाला येऊन पडला.

“घे, तुह्या झाडाचा माल तुलेच वापस,” सुभद्राबाई म्हणाली. “माह्या आंगनात पाठवत नोको जाऊ.”

“मी कुठं पाठवते काकू? वारा आनते.”

“मंग वाऱ्याले बांधून ठेव.”

रुखमानं परात पुन्हा धुतली. या बाईच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता. लग्न होऊन देऊळघाटला आल्यापासून ती हेच ऐकत होती. निंबाच्या काड्या पडतात. सीताफळावर खारी नाचतात आणि मग वाळवणात येतात. अंगण झाडलं तर नीट झाडलं नाही, सडा टाकला तर पातळ टाकला. बरं, सुभद्राबाईच्या स्वतःच्या अंगणात एक तुळस तेवढी, आणि तीही अर्धी वाळलेली. झाडच नसल्यामुळं तिला दुसऱ्याच्या झाडांकडं बघायला दिवसभर सवड होती.

आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी रुईवर येऊन ठेपायचं.

“आन् ती रुई. किती डाव सांगितलं, काढून टाक. दारात रुई ठेवते का कोनी?”

“मले नोका सांगू. त्याईले सांगा.”

“त्याले सांगून जीभ झिजली माही,” असं म्हणून सुभद्राबाई सूप घेऊन आत गेली.

रुई न्हाणीपलीकडच्या कोपऱ्यात होती. पुरुषभर उंच, राखी पानांची, मोडली की पांढरा चीक गाळणारी. माळावर जी कुणी न लावता उगवते आणि जिच्याकडं कुणी बघत नाही, तशीच. रुखमाला ती असली काय आणि नसली काय. पण तिचा नवरा पंजाबराव सकाळी उठला की तोंड धुण्याच्या आधी तांब्याभर पाणी रुईला घालायचा. वांग्याचे वाफे, मेथी, कोथिंबीर, ज्यावर घर चालतं ते सगळं नंतर. पाणी घालताना त्याचे ओठ हलत. रुखमाला सुरुवातीला वाटलं, मारुतीसाठी ठेवली असेल, शनिवारी पानांची माळ होते. म्हणून एका शनिवारी तिनं मूठभर पानं तोडली. पंजाबरावानं ती तिच्या हातातून काढून घेतली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं ती पानं बुडाशी ठेवली आणि तिथंच किती तरी वेळ उकिडवा बसून राहिला.

त्यानंतर झाडताना रुखमाचा झाडू त्या कोपऱ्यापाशी आपोआप वळू लागला. पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटायचं. एकदा तिचं धुतलेलं हिरवं लुगडं कुडावरून उडालं आणि रुईवर जाऊन पडलं, नेमकं दोन्ही खांद्यांवरून घेतल्यासारखं. मळ्यातून आलेला पंजाबराव फाटकातच थांबला. रुखमा दारात होती, पण तो तिच्याकडं बघत नव्हता. लुगड्याकडं बघत होता. मग त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. रुखमा पळत जाऊन लुगडं ओढून घेऊन आली, आणि ते पुन्हा नेसायचं तिला धाडस झालं नाही.

तशी त्या घरात एकटं वाटायची सोयच नव्हती. पंजाबरावाच्या दोन बायका आधी वारल्या होत्या, दोघीही बाळंतपणात. पहिली अन्नपूर्णा, दुसरी पुष्पा. ही गोष्ट कुणी लपवली नव्हती. रुखमाच्या बापाला चार पोरी होत्या आणि पंजाबरावाचा मळा ओलिताखाली होता, एवढ्यावर सोयरीक झाली. पण सांगितलेलं वेगळं आणि राहणं वेगळं. उतरंडीवरची चुन्याची फुलं पहिलीनं काढलेली. शिक्याची गाठ दुसरीच्या हातची. घरात कशालाही हात लावावा तर तो आधी कुणी तरी लावलेला असायचा.

नवरा वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता. तिच्याशी बोलत नव्हता एवढंच. जेवायचं असलं की पाटावर येऊन बसायचा, काही हवं असलं की खाकरायचा. गावात बायकोला नावानं हाक मारणारे नवरे थोडेच, पण “अवं” तरी म्हणतात. हा तेही म्हणत नसे. आणि गल्लीत ती सगळ्यांची धामणगाववाली. माहेरचं चंद्रभागा हे नाव धामणगाव बढ्याला मागं राहिलं, आणि लग्नात मिळालेलं रुखमा हे नाव आजवर कुणाच्या तोंडून तिनं ऐकलंच नाही. कधी कधी भाकरी थापताना ती स्वतःच हळू म्हणून बघायची, रुखमा. आपलं वाटायचं नाही.

आता सातवा महिना सरत आला होता. आई नव्हती, भावजय न्यायला तयार नव्हती, त्यामुळं बाळंतपण इथंच व्हायचं होतं. नव्या जिल्हा परिषदेची नर्स गुरुवारी एसटीनं येऊन गेली आणि सगळं बरं आहे म्हणाली. पण पोर काय गुरुवार बघून येतं थोडंच. गल्लीतली निम्मी पोरं सुभद्राबाईच्या हातात पडलेली, आणि रुखमाची सगळी भिस्त तिच्यावरच होती. म्हणून तर ती पाला, काड्या, सुरवंट सगळं निमूट ऐकून घ्यायची.

नर्स गेली त्या दिवशी सुभद्राबाई फाटकातून आत आली. रुखमा नांदायला आल्यापासून पहिल्यांदाच. रुईकडं पाठ करून ती ओसरीवर बसली, रुखमाला जवळ घेतलं, पोटावरून हात फिरवला.

“डोकं खाली हाय,” ती म्हणाली. “चांगलं हाय.” मग हात काढून घेतला. “पन मी येनार नाही.”

“कुठं?”

“तुह्या बाळंतपनाले. ती रुई उभी हाय तवर या घरात मी बाळंतपन करनार नाही.”

रुखमाला आधी हसू आलं. “झाडाचा येवढा राग काऊन काकू?”

“झाड नोहे ते. सवत हाय तुही.”

अंगणात वारा नव्हता. सुभद्राबाई खालच्या आवाजात सांगत राहिली, पाला टाकतानाचा तोरा कुठल्या कुठं गेला होता. ज्याच्या दोन बायका गेल्या त्याला तिसरी लाभत नाही. म्हणून तिसरं लगीन रुईशी लावतात. अक्षता, मंगळाष्टकं, सगळं. मग ती उपटून टाकतात, तिसरी मेली म्हणतात, आणि खरी नवरी चौथी होऊन घरात येते. हे गावाबाहेर, माळावरच्या रुईशी करायचं असतं. पण पंजाबरावाच्या काकाला लोकांची लाज वाटली, म्हणून अंगणातच उरकून घेतलं.

“मी कुडातून पाह्यलं. तुह्या लग्नाच्या आदल्या दिवशी. लगीन लागलं, पन उपटाच्या टाइमाले त्यानं कुदळ उचलली आन् खाली ठेवली. ती काही मेली नाही. नांदून राह्यली तुह्या आंगनात.”

रुखमानं रुईच्या कोपऱ्याकडं बघितलं.

“अजून एक हाय. लगीन लावनाऱ्या महाराजानं इचारलं, नवरीचं नाव काय ठेवता? त्याचं चित्त ठिकान्यावर नोव्हतं. तुह्यासाठी जे नाव ठरलं होतं तेच सांगून बसला. दुसऱ्या दिवशी तुह्या लग्नात तेच नाव तांदळात लिहलं.”

“रुखमा,” रुखमा म्हणाली.

सुभद्राबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. “म्हनून तं कोनी घेत नाही वं ते नाव. हाक कोनाले मारली आन् गेली कोनाकडं, काय सांगाव?” तिचे डोळे भरून आले होते. “अन्नपूर्णा माह्या मांडीवर गेली. पुष्पाले गाडीत घातलं बुलढान्याले न्यायले, तं अर्ध्या वाटेत गेली, तिचा हात माह्या हातात होता. आता नाही होत माह्यानं. तिसरी पडल्याबिगर चौथी वाचत नाही, पोरी.”

दिवेलागणीला पंजाबराव जेवायला बसला तेव्हा रुखमानं भाकरी वाढली आणि समोरच बसली. एरवी ती चुलीकडं तोंड करून बसायची.

“ती रुई उपटा,” ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला.

“सुभद्राकाकूनं सांगितलं मले सगळं. नाही उपटली तं ती येनार नाही म्हनते.”

मग पंजाबराव बोलला, आणि दोन वर्षांत एवढं तो पहिल्यांदाच बोलला.

“तिले वाटते तिसरी पडली म्हंजे तू वाचशीन. मी उलटं धरलं. तिसरी उभी हाय तवर चौथीचा मराचा नंबर लागत नाही. म्हनून पानी घालतो. रोज सकाळी पाह्यतो, हिरवी हाय का. उन्हाळ्यात पानं गळाले लागली का मले झोप येत नाही.” त्यानं घास ताटात ठेवला. “मी झाडासाठी नाही घालत पानी.”

रुखमा रडली असती, पण इतके दिवस ज्याचा राग धरला त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

“मंग कोनाचं खरं?” तिनं विचारलं.

“मले काय माईत?” तो म्हणाला. “पन तुह्याजवळ त्या वक्ताले कोनी तं पाह्यजे. मी तं नाही कामाचा.”

सकाळी त्यानं रुईला पाणी घातलं नाही. कुदळ घेऊन कोपऱ्यात गेला. रुखमानं रात्रीच कुडावरून सांगितलं होतं, त्यामुळं सुभद्राबाई उजाडायच्या आतच आली होती. तिनं रुखमाला घरात घेतलं, दार ओढलं आणि तिला उतरंडीपाशी धरून बसली.

“आता ऐक नीट. कोनी जाऊन राह्यलं का त्याले आखरीची हाक मारतात. तो बी मारीन. मारा लागते, नाहीतं ती जात नाही. तुले नाही, तिले मारीन. तू ओ देऊ नोको. जी ओ देईन ती जाईन. समजलं?”

“हाव.”

“काही झालं तरी.”

“हाव म्हनलं ना.”

बाहेर कुदळीचे घाव पडू लागले. जमीन ओली होती, रोज पाणी पिऊन पिऊन मऊ झालेली, त्यामुळं आवाज बोदा येत होता. पोटातलं मूल हललं. सुभद्राबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. मुळं तुटल्याचा आवाज आला. मग सगळं थांबलं.

“रुखमा,” पंजाबराव म्हणाला.

हळूच म्हणाला. ज्या आवाजात तो बैलाशी कधी बोलला नव्हता, देवाशीही बोलला नसेल, त्या आवाजात. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते असं असतं, हे रुखमाला तेव्हा कळलं. नाव परकं वाटत नव्हतं. अंगावरून हात फिरवल्यासारखं वाटत होतं. तिनं ओठ दाबून धरले. सुभद्राबाईनं तिच्याकडं बघून मान हलवली, नाही, नाही.

“रुखमा.” या खेपेला त्याचा आवाज फाटला. “जाय आता, माय. रुखमा.”

“ओ,” रुखमा म्हणाली.

सुभद्राबाईच्या हातातून तिचं मनगट सुटलं. बाहेर काहीच आवाज नव्हता. गल्लीतून कुणाची तरी गाय चालत गेली, तिच्या घंटेचा आवाज दूर जाईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

“काऊन ओ देली वं?” सुभद्राबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं भ्यालेपण होतं.

“मले कोनी हाकच मारत नाही काकू,” रुखमा म्हणाली. “तुमी बी नाही.”

हातानं जमिनीचा आधार घेत ती उठली. सुभद्राबाईनं तिचा पदर धरला, मग सोडून दिला. रुखमानं दार उघडलं आणि अंगणात गेली.

रुई अर्धी उपटलेली होती, कुडाकडं कलंडलेली. तुटलेल्या मुळांतून चीक ठिबकत होता. पंजाबराव मातीत गुडघे टेकून बसला होता, आणि दाराकडं बघत होता. तिच्याकडं बघत होता, नीट, तोंडाकडं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रुखमा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला.

“काय म्हनता?” तिनं विचारलं.

त्यानं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. ते चिकानं आणि मातीनं बरबटले होते.

“पानी दे,” तो म्हणाला.

ती न्हाणीतून तांब्या भरून घेऊन आली आणि त्याच्या हातांवर पाणी घालू लागली.