मास्तरची बदली

"हमरस्त्याने नको, तळ्याकाठच्या रस्त्याने घे," बाबा म्हणाले. तो रस्ता लांबचा आणि वळणावळणाचा, पण चिमणीने वाद घातला नाही. चाळिशी ओलांडलेली, मोठ्या इस्पितळात नर्स असलेली ही बाई वडिलांसाठी अजून चिमणीच होती.

मागच्या सीटवर मास्तर बसला होता. मास्तर म्हणजे बाबांचा कुत्रा. कळपातल्या एकाही मेंढीला रांग सोडू देत नाही, म्हणून आईने हे नाव ठेवलेलं. आई नंतर गेली. बाबांची नजर आधीपासूनच अधू होत चालली होती, ती गेल्या हिवाळ्यात पारच गेली. कळप विकला, घराला कुलूप लागलं. बाबा आता शहरात लेकीकडे राहणार होते. पण उभा जन्म माळावर धावलेल्या कुत्र्याने चौथ्या मजल्यावर करायचं तरी काय? म्हणून त्याला तळ्यापलीकडच्या एका मेंढपाळ बाईकडे सोडायचं ठरलं.

"मास्तरची बदली झाली," निघताना बाबा शेजाऱ्याला हसत म्हणाले होते. गाडीत बसल्यापासून मात्र त्यांचा हात मागे, मास्तरच्या मानेवर होता.

एका वळणावर तळं समोर आलं. वारा पडला होता, पाण्यात पलीकडचे डोंगर उलटे उभे होते. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला दगडी बांध आणि वरच्या उतारांवर मेंढ्याच मेंढ्या.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"तळं. डोंगर. मेंढ्या."

"अगं, पेशंटला गोळ्या सांगतेस का? नीट सांग की."

चिमणीने गाडी हळू केली. "पाणी एकदम गप्प आहे, बाबा. मधोमध उन्हाचा पट्टा पडलाय. वर लोकर कातरून झालीय वाटतं. मेंढ्या नुकतेच केस कापलेल्या पोरांसारख्या ओशाळून उभ्या आहेत."

"आणि कोकरं?"

"आयांच्या पोटाखाली घुसतायत. एक तर बांधावर चढून बसलंय."

"पडेल मेलं," बाबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

मेंढपाळ बाई फाटकाशीच वाट बघत होती. तरुण, उन्हाने रापलेली, मोजकं बोलणारी. "या काका," म्हणत तिने बाबांचा हात धरून त्यांना कुरणात नेलं. बाबांनी तोंडात दोन बोटं घालून तिला शिळा शिकवल्या: लांब शीळ म्हणजे कळपाला वळसा घाल, तुटक शीळ म्हणजे थांब. तिला त्या लवकर जमल्या. पण तिने शीळ घातली की मास्तर जागचा हलायचा नाही. बाबांच्या तोंडाकडे बघत राहायचा.

"माझंच चुकत असेल," बाई खट्टू होऊन म्हणाली.

"तुझी शीळ चोख आहे. पण मी इथे उभा असेपर्यंत तो तुझं ऐकायचा नाही."

"मग कसं हो?"

"मग काय? मी निघतो."

दुपारपर्यंत थांबायचं, मास्तरला चार घास भरवायचे, असं बाबा ठरवून आले होते. बाईने चहासाठी आग्रह केला, तोही त्यांनी घेतला नाही. मास्तरला नुसतं "बस" म्हणाले आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे चालू लागले.

ते गाडीत बसतात न बसतात तोच दारावर नखं वाजली. मास्तर मागच्या पायांवर उभा राहून काचेला नाक लावत होता, बारीक कुं कुं करत होता. बाबांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

"बाबा, एकदा हात तरी फिरवा."

"हात फिरवला तर तो माझाच राहील. चल, काढ गाडी."

चिमणीने गाडी काढली. आरशात मास्तर जीव खाऊन मागे धावताना दिसत होता. बाईची शीळ आली. तो थांबला नाही. पुन्हा आली. एवढ्यात गडबडीत उघड्या राहिलेल्या फाटकातून एक मेंढी कोकरासकट रस्त्यावर आली. मास्तर थबकला. त्याने गाडीकडे पाहिलं, मेंढीकडे पाहिलं. तिसरी शीळ आली तसा तो अंग जमिनीसरसं करून गर्रकन फिरला.

"वळला?" बाबांनी विचारलं.

"वळला, बाबा. मेंढी आत घातली. आता त्या बाईंच्या पायाशी बसलाय."

बरंच अंतर काटल्यावर बाबा म्हणाले, "जरा थांबव."

चिमणीने त्यांना धरून पाण्याच्या कडेला नेलं. त्यांनी ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, तिथल्याच एका दगडावर बसले, आणि मग हुंदके देत मोठ्याने रडू लागले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा आल्यागेल्याची व्यवस्था बघत राहिले होते. इस्पितळात रोज कुणा ना कुणाच्या नातेवाइकांना धीर देणारी चिमणी त्यांच्या शेजारी त्याच दगडावर टेकली. ती त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली. वरच्या उतारावरून मेंढ्यांचं ओरडणं येत होतं.

हुंदके थांबल्यावर बाबांनी तिचा हात चाचपला. "चिमणे, तुझ्या घरी सकाळी उठून मी काय करायचं गं?"

'तुम्ही आराम करायचा' हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "शोधू काहीतरी."

"शोधू," बाबा म्हणाले. मग तिच्या हाताचा आधार घेऊन, गुडघ्यांवर जोर देत, ते उठले.