राहून गेलेले उड्डाण

मित्रांनो, मी एक जुना लढाऊ आहे. लढाई मात्र एकही पाहिलेली नाही. वजनाने हलका, आवाजाच्याही पुढे धावणारा आणि इथेच, बंगळुरूच्या एका कारखान्यात घडलेला. असे विमान आपल्याला जमते का, हे पाहण्यासाठी मला बनवले. जमले तेव्हा माझ्या गळ्यात हार पडले. माझ्यावरून शिकून धाकटी भावंडे तयार झाली आणि हवाई दलात गेली. मी चाचणीपुरता मागे राहिलो.

माझ्या पोटातल्या तारा गिरिजम्माने ओवल्या होत्या. ती आता निवृत्तीला आली होती आणि माझेही एकच उड्डाण उरले होते. मग माझे इंजिन एका धाकट्याला जायचे होते. दिवस ठरला आयुधपूजेची सुट्टी संपल्यावरचा. पूजेला आमच्याकडे सगळी हत्यारे पेट्यांतून निघतात, हळदकुंकू लावून देवीपुढे झेंडूत मांडली जातात. माझ्या चाकांखालीही लिंबे ठेवली. एकदाच पोटभर उडू दे, एवढेच मी मागितले.

उड्डाणाच्या सकाळी गिरिजम्माने पेटीतली हत्यारे मोजली. माझ्या पोटातले कानेकोपरे बघायच्या, दांड्याच्या छोट्या आरशाची खाच रिकामी होती. पूजेच्या जागीही तो सापडला नाही.

"अक्का, माझा घे आणि हत्यारं पूर्ण आहेत अशी सही कर," तिच्या हाताखालचा पुट्टराजू हळूच म्हणाला. "तीस वर्षांत कधी चुकली नाहीस. आता जाता जाता कशाला शोभा करून घेतेस?"

"आणि याच्या पोटात राहिला असला तर?"

"कसा राहील? साहेब चिडतील बघ."

"चिडू देत. आत बसणारा कुणाचा तरी मुलगा आहे, पुट्टा. मी सही करणार नाही."

माझ्या पोटात आरसा नव्हता. मला माझे पोट ठाऊक होते. पण आम्हाला तोंड असते ते हवा गिळायला, बोलायला नव्हे. मला दोन दिवस उघडून शोधले. तेवढ्यात इंजिन द्यायची तारीख आली, आणि ती पुढे ढकलायला कुणी तयार झाले नाही.

चौथ्या दिवशी पूजा आवरताना देवीच्या तसबिरीमागे आरसा निघाला. तसबीर डुगडुगत होती म्हणून गिरिजम्मानेच त्याचा टेकू दिला होता, आणि ती विसरून गेली होती.

"अक्काच्या पदराला गाठ बांधा रे, नाहीतर उद्या तीच हरवेल," लोक म्हणू लागले.

ती माझ्याजवळ आली. "तुझं शेवटचं उडणं मी घालवलं रे बाबा. रागावलास?"

रागावलो होतो, मित्रांनो. खोटे कशाला बोलू? आता शेडच्या कोपऱ्यात उभा आहे, इंजिनाच्या जागी ताडपत्री आहे. विचार करायला वेळच वेळ आहे. मी चारशे वेळा वर गेलो आणि चारशे वेळा माझ्यातला माणूस घरी जेवायला परतला. ते माझ्या पंखांचे कर्तृत्व, असे मला वाटत असे. पण दर वेळी त्याआधी गिरिजम्माने पेटी मोजलेली असे.

तिच्या निरोपाच्या समारंभात पुन्हा आरशाची गोष्ट निघाली. सगळे हसले, गिरिजम्माही हसली, आणि मग माझ्याकडे न बघताच फाटकाबाहेर गेली. मला तिला काहीच सांगता आले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कुणी सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, 'माझी मोजदाद जुळत नाही, थांबा,' तर त्याला हसू नका.