यशवंतसरांच्या गळ्यातला कंडुवा

मी एक जुना कंडुवा आहे. पुढारी आणि कार्यकर्ते गळ्यात पक्षाच्या रंगाचा लांब पट्टा घालतात ना, त्याला आमच्या हैदराबादेत तेलुगूत कंडुवा म्हणतात. माझा रंग जांभळा, दोन्ही टोकांना पक्षाचं चिन्ह असलेल्या किटलीचं चित्र. मित्रांनो, मला हसू नका. मला इतकी किळस आली आहे की बोलल्याशिवाय राहवत नाही.

मलकपेठेतल्या एका छपाईवाल्याकडे माझा जन्म झाला. पक्ष तेव्हा नवा होता आणि त्याचे नेते हर्षवर्धन जुन्या स्कूटरवरून हिंडत. लोक त्यांना प्रेमाने हर्षन्ना म्हणत. एका सकाळी ते बरकतपुऱ्यात यशवंतसरांच्या घरी आले. सर मराठी शाळेत गणित शिकवत आणि हर्षन्ना त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी मला सरांच्या गळ्यात घातलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, हा रंग मी मरेपर्यंत बदलणार नाही." मी कोरा करकरीत होतो. मला ते खरं वाटलं. सरांनाही वाटलं.

मग काय विचारता! सर निवृत्त झाले आणि आम्ही दोघं उन्हातान्हात दारोदार फिरलो. हर्षन्नांची भाषणं सर लिहून देत. सुनीताबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, मला दर रविवारी धूत आणि कुरकुरत, "त्या किटलीतून कधी कपभर चहा तरी मिळाला का हो तुम्हाला?" सर नुसते हसत. हर्षन्ना नगरसेवक झाले, आमदार झाले, शेवटी प्रदेशाध्यक्ष झाले. स्कूटर जाऊन सहा गाड्या आल्या. सर मात्र मंचावरून खाली आले आणि तिसऱ्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागले. त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

प्रदेशाध्यक्षांचं मोठं काम म्हणजे पक्षप्रवेश. हर्षन्नांचा मदतनीस किशोर कंडुव्यांचा गठ्ठा घेऊन मागे उभा राही. तो एक पुढे करी, हर्षन्ना समोरच्या गळ्यात टाकत, कॅमेऱ्याकडे वळत, हसत आणि म्हणत, "पक्षात आपलं स्वागत आहे." पुढचा गळा. शी! दिलसुखनगरची तीच चाळीस माणसं दर महिन्याला नव्याने पक्षात येत होती. सरांनी एकदा उठून तसं सांगितलं, तर किशोर म्हणाला, "बैठो ना सर, तुम्ही कायकू परेशान होता?" सर बसले. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू?

या वर्षी सरांनी अंथरूण धरलं. एका दुपारी ते सुनीताबाईंना म्हणाले, "मी गेलो की हा माझ्या गळ्यात असू दे. एका माणसाने दिलेला शब्द पाळला, एवढं तरी लोकांना दिसेल." सुनीताबाईंनी मान हलवली.

त्यानंतरच्या सोमवारी हर्षन्नांनी पक्ष सोडला. राज्याच्या विकासासाठी म्हणे! त्यांच्या गळ्यात आता राखाडी कंडुवा होता. सुनीताबाईंनी टीव्हीची वायर काढून ठेवली आणि सरांना सांगितलं, "केबल बिघडली आहे." पेपरवाल्याला जिन्यातच गाठून परत पाठवलं. तीन दिवस त्या माउलीने दाराशी पहारा दिला. गुरुवारी पहाटे सर गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

सुनीताबाईंनी मला सरांच्या गळ्यात नीट घातलं. दहा वाजता सहा गाड्या आल्या. हर्षन्ना आत आले, हात जोडले, डोळे पुसले. तेवढ्यात मागून किशोरने सवयीने राखाडी कंडुवा पुढे केला. हर्षन्नांनी तो घेतला, माझ्यावरून सरांच्या गळ्यात घातला, कॅमेऱ्याकडे वळले, हसले आणि म्हणाले, "पक्षात आपलं स्वागत आहे."

"हर्षा," सुनीताबाई म्हणाल्या, "काढ ते."

"काकू, माफ करा, सवयीने..."

"मेलेल्या माणसाला पक्षात घेतोस? लाज नाही वाटत? काढ म्हणते ना!"

हर्षन्नांनी मान खाली घालून तो काढला. मित्रांनो, मला वाटलं, जिंकलो! आता मी सरांबरोबर जाणार. पण सुनीताबाई वाकल्या आणि त्यांनी मलाही काढलं. सरांच्या कानाशी म्हणाल्या, "रागावू नका हो. हाही त्याच हातांनी घातलेला. मला बघवत नाही." मी त्यांच्या मुठीत चुरगळलो. फार वाईट वाटलं. पण त्या चुकल्या, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे छापून आला. खाली लिहिलं होतं, 'अखेरच्या क्षणी ज्येष्ठ शिक्षकाचाही पक्षप्रवेश.'

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मला चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही. फक्त तो फोटो कुणी दाखवला, तर त्याला ठणकावून सांगा की यशवंतसर घरातून निघाले तेव्हा त्यांच्या गळ्यात काहीही नव्हतं.