केर काढलेले देवालय

सुज्ञ वाचकहो, एका रंगाऱ्याने स्वच्छतेच्या आवडीपायी इजिप्त देशीचे प्राचीन देवालय कसे बुटके केले व त्याची उंची त्यास पुन्हा कशी लाभली, तो वृत्तान्त आता सादर करितो.

मूळचा मालवणकडील रावजी आखातातल्या अस्कर गावी गोदामांच्या पत्र्यांना वर्षानुवर्षे पांढरा रंग फासीत आला होता. त्याच मुलखातील गुदैबियात खदिजाबाईंच्या नव्या कॉफीगृहाची एक भिंत चितारावयास मिळताच त्यास आकाश ठेंगणे झाले. भिंत पसंत पडली तर उरलेल्या तिन्ही त्याच्या. नाही तर पुन्हा ते पत्रे!

सजावट पाहणाऱ्या पुण्याच्या लीनाताईंनी त्याच्या हाती एक जुने चित्र ठेविले.

"रावजीकाका, दोनशे वर्षांपूर्वी विलायती चित्रकार नाईल नदीत होडीने फिरून अशी देवळे कागदावर उतरवायचे. ती चित्रं तिकडे छापली गेली आणि लोक तसल्याच खुर्च्या, घड्याळं बनवायला लागले. खदिजाबाईंनी लंडनच्या हॉटेलात तोच थाट पाहिलाय. हुबेहूब काढा हं!"

आठव्या दिवशी खदिजाबाई लीनाताईंसह आल्या. भिंतीवरच्या खांबांच्या माथ्यांवरची कमळे त्यांच्या कमरेशी येत होती.

"रावजी, ये खंबा लोग नीचे क्यों बैठा है? थक गया? खलास, सफेद मारो!"

लीनाताईंनी चित्र भिंतीशी ताडून पाहिले.

"काका, खांबांच्या बुडाशी वाळू होती, ती कुठे गेली?"

"ती मी वगळली, ताई. देवळात केर कोण ठेवतो? त्यात ही खाण्यापिण्याची जागा!"

लीनाताईंना हसू आवरेना. "अहो, तेव्हा ती देवळं निम्मी वाळूत पुरलेली होती! चित्रकाराने दिसलं तेवढंच काढलं. तुम्ही वाळू उपसलीत, पण खालचा खांब वर आलाच नाही!"

"मेल्या रावजी," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, एक दुपार दो."

त्याने पिवळ्यात तपकिरी कालविला व खांबांच्या पायथ्याशी वाळूचे ढीगच्या ढीग रचिले. एका दरवाजाच्या चौकटीचा नुसता माथा वर डोकावू दिला. पाहता पाहता बुटके खांब जमिनीत खोल उतरले.

सायंकाळी खदिजाबाई भिंतीजवळ आल्या आणि वाळू लागू नये म्हणून त्यांनी नकळत आपला पायघोळ अबाया चिमटीत उचलिला. मग स्वतःच खो खो हसल्या.

"यल्ला, चलो, बाकी तीन दीवार भी तुम्हारा! लेकिन झाडू मफी, झाडू नहीं मारने का!"

आपण अमूल्य वेळ खर्चून हे वाचिलेत, याबद्दल ऋणी असलेला,
संदेश बाबाजी घाडी, हिद्द.