भावजी पळतातच

सरकारी वकिलांनी रक्ताळलेला शर्ट पाकिटात परत घातला. तो नजरेआड झाला तशी तिने साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा जरा सैल धरला. समोरच्या पिंजऱ्यात तिचा दीर मान खाली घालून उभा होता.

तिचा नवरा, थोरला, दोघा भावांच्या सुतारकामाच्या कारखान्यात डोकं फुटून मेलेला सापडला होता. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. पण सकाळचं दोघांचं भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं, धाकट्याच्या बाहीवर थोरल्याचं रक्त होतं, आणि मागच्या दाराने पळताना शेजारणीने त्याला पाहिलं होतं. ‘मी गेलो तेव्हा दादा पडलेलाच होता,’ एवढंच धाकटा सांगत होता. त्यावर सरकारी वकिलांचं एकच पालुपद: काही केलं नाही, तर पळाला कशाला?

मागच्या बाकावर सासूबाई होत्या. एक लेक गेलेला, दुसरा पिंजऱ्यात. रडावं तरी कुणासाठी, बिचारीला कळत नव्हतं.

आरोपीचे वकील उठले.

“तुमचे दीर याआधी कधी असे पळाले होते?”

“अहो, भावजी पळतातच!” ती पटकन म्हणाली.

कोर्टात खसखस पिकली.

“म्हणजे?”

“सासरे शेवटच्या घटका मोजत होते, तर भावजी स्टँडवर जाऊन बसले. बायकोला कळा सुरू झाल्या, हे दवाखान्यातून पसार! तिसऱ्या दिवशी खुळखुळा घेऊन उगवले. विळीवर माझं बोट कापलं, तरी घरातून आधी भावजी गायब. भित्री भागूबाई आहेत अगदी. रक्त दिसलं की ढुंगणाला...”

तिने जीभ चावली. न्यायाधीशांनीही तोंडावर रुमाल धरला. पळण्यावर उभी केलेली केस ढिली पडली, हे सगळ्यांनाच कळलं.

सरकारी वकील मात्र हसले नाहीत.

“म्हणजे सख्खा भाऊ रक्तात पडलेला असतानाही, कुणाला न बोलावता ते पळाले असतील?”

“हो, त्यांना तेवढं सुचत...”

वाक्य अर्धंच सोडून तिने नुसती होकारार्थी मान हलवली आणि ती खाली उतरली.

व्हरांड्यातल्या बाकावर सासूबाईंनी तिला शेजारी बसवून तिचे दोन्ही हात धरले.

“वाचवलंस गं माझ्या लेकाला. कसे फेडू तुझे उपकार?”

“आई, डॉक्टरांनी साक्षीत काय सांगितलं, आठवतं? हे लगेच नाही गेले. बराच वेळ जीव होता. कुणी वेळेवर नेलं असतं तर...”

तिला हुंदका आवरेना. सासूबाईंनी तिचे हात सोडले.

“पाणी मागत होता म्हणे.”

“कोण?”

“थोरला. धाकट्याने पहिल्याच दिवशी सांगितलं मला. कोणत्या तोंडाने सांगणार होते गं तुला?”

इतक्यात शिपाई आला. साहेबांनी जबानीवर सहीला बोलावलं होतं. ती जागची हलली नाही. शिपायाने पुन्हा हाक मारली, तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाने काही मागायचा त्यांना धीर झाला नाही.

ती उठली. सांगितलेलं सगळं खरंच होतं. तिने आत जाऊन सही केली आणि परत येऊन सासूबाईंच्या शेजारीच बसली. हात मात्र तिने स्वतःच्या मांडीवर ठेवले.