पुलावरची सात दुखणी

"महाराज, ती ट्रक गेल्यावरच का रडते?"

प्रश्न विचारला तेव्हा पुलाच्या पायथ्याशी निदान दीडशे माणसं गोळा झाली होती, आणि विचारणारी होती दहावीतली भोंगा. हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिची जीभ टाळ्याला चिकटायची, तिला यंदा असा काही कंठ फुटला की मैत्रिणींनी हे नाव ठेवूनच टाकलं. त्याच मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत तिला डिवचलं होतं, "वर्गात फार बोलतेस ना? मग मौनीमहाराजांना विचारून दाखव. नाही विचारलंस तर उद्यापासून तुझं नाव पिपाणी!"

भोंग्याची पिपाणी होणं परवडणारं नव्हतं. विचारलं.

मौनीमहाराजांनी डोळे मिटले. मौनी हे नुसतं नावापुरतं. एरवी त्यांचं तोंड म्हणजे बिघडलेला नळ. अंगात करडी कफनी, गळ्यात करड्याच कापडाचा लांबलचक पट्टा, आणि आवाज असा की ‘जरा बाजूला सरका’ म्हणाले तरी भविष्य सांगितल्यासारखं वाटावं. डोळे उघडून ते हळूच म्हणाले,

"कारण पोरी, ती ट्रकखालीच गेली ना."

गर्दीतून एकदम "अरे देवा!" उमटलं. कारण ते खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेतल्या शिपाई मावशी इथेच गेल्या. हातात खडूंचा खोका होता. रस्ता सहा पदरी, ना सिग्नल ना गतिरोधक. मधल्या दुभाजकात एक फट, आणि त्या फटीतून सगळी वस्ती पलीकडच्या शाळेत, दवाखान्यात, बसथांब्यावर जायची. मावशी गेल्या आणि वस्ती पेटून उठली. भोंगाच्या आईने थांब्यावर उभं राहून सह्या गोळा केल्या. नागरिक समितीच्या पोस्टमास्तर आजोबांनी (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सगळे तसंच म्हणत) कचेऱ्यांचे जिने झिजवले. अखेर गेल्या महिन्यात लोखंडी पादचारी पूल उभा राहिला.

आणि चौथ्याच दिवशी, उद्घाटनासाठी वळवलेले ट्रक परत सुरू झाले तसा, पूल रडायला लागला.

आत्ताही लांबून एक मालट्रक येताना दिसला. गर्दी आपोआप चार पावलं मागे सरली. ट्रक पुलाखालून धडाडत गेला आणि वरून आवाज आला. आधी खोल, मग चढत चढत, मग घशात अडकल्यासारखा. उशीत तोंड खुपसून कुणी बाई रडावी, तसा. भोंगाच्या दंडात धाकट्या बहिणीची, दुसरीतल्या ठमीची, नखं रुतली.

"आलो गं माय, आलो!" महाराज कफनी सावरत वर चढले. कठड्याच्या एका टोकाला त्यांनी पट्टा गुंडाळला, आत हात घालून बराच वेळ पुटपुटले, आणि पट्टा सोडवून खाली आले. पुढचा ट्रक गेला. रडणं आलं, पण बारीक होऊन.

"ऐकलंत? एक हुंदका कमी झाला!" महाराज गरजले. "सात दुखणी आहेत हिची, सात! पहिलं पोटातलं, दुसरं पाठीतलं, आणि आज तिसरं काढलं ते सासरचं!"

"मावशींचं तर लग्नच झालं नव्हतं," चष्मिश कुजबुजली. ही भोंगाची बाकावरची जोडीदारीण.

"गप, ऐकतील."

"सातही काढीन मी! पण पूल तिचाच राहणार. खाली कुलूप घाला, वर मला आसन मांडून द्या. त्याशिवाय जो वर पाय ठेवील, तो आठव्या दुखण्याचा धनी होईल!"

आठवं दुखणं कुठलं ते कुणी विचारलं नाही. विचारायची कुणाची छाती होती? पोस्टमास्तर आजोबा आपल्या झिजलेल्या बुटांकडे बघत म्हणाले, "सगळ्यांचं तेच म्हणणं असेल, तर रविवारी सभेत तसा ठराव घेऊ."

म्हणजे परत ती फट.

घरी जायला भोंगाने ठमीचा हात घट्ट धरला. तीन पदर पळत ओलांडले आणि दोघी फटीत उभ्या राहिल्या. फट कपाटाएवढी. समोरूनही वाहनं, पाठीमागूनही. प्रत्येक ट्रकचा वारा दप्तराला हिसका देऊन जात होता. अशाच एका हिसक्यात ठमीची पाण्याची बाटली निसटली, घरंगळत रस्त्यावर गेली, आणि ठमी हात सोडवून तिच्यामागे वाकली.

भोंगाच्या हाताला दप्तराचा पट्टा लागला. तो तिने ओढला एवढंच तिला आठवतं. दोघी दुभाजकावर आदळल्या आणि समोरून चाकं गेली, एकामागून एक, संपतच नाहीत अशी. मग रस्त्यावर बाटली दिसली. कागदासारखी सपाट.

ठमी रडली नाही. दारात चपला काढताना म्हणाली, "ताई, मग मीपण ट्रक गेल्यावर रडले असते का गं?"

त्या प्रश्नाने भोंगाच्या काळजाचं पाणी झालं. भुताची भीती काय असते ते तिला ठाऊक होतं. ही भीती वेगळी होती. हिला चाकं होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारी, शाळेच्या तासभर आधी, ती पुलाखाली उभी होती. एकटी. चौतीस पायऱ्या. दहाव्या पायरीवर तिने मागे वळून पाहिलं. विसाव्या पायरीवर वाटलं, पिपाणी हे नाव तसं वाईट नाही. पण पाय वर गेले. ती कठड्याच्या कोपऱ्याशी पोहोचली, आधाराला पाइपाच्या टोकावर हात ठेवला, आणि खालून ट्रक आला.

कानाशी रडणं फुटलं. आणि तळहातावर कुणीतरी श्वास सोडला.

गार, लांब, थरथरता श्वास. भोंगाची पाचावर धारण बसली. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. एवढा वर्षभर कमावलेला आवाज! भीतीने बोटं आवळली गेली, तळवा टोकावर गच्च दाबला गेला, आणि रडणं एकदम बारीक झालं.

तिने हात काढला. पुढचा ट्रक. रडणं. हात दाबला. बारीक. काढला, मोठं. दाबला, बारीक. पाचव्या ट्रकला तिचं डोकं चालू झालं होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की काय होतं? बाटली बोलते. मग एवढ्या लांब पोकळ पाइपाच्या उघड्या तोंडावर ट्रकचा वारा आदळला तर? तो जेवढा जोरात, तेवढा सूर चढा. मोटारी ठेंगण्या, त्यांचा वारा वर पोहोचत नाही. ट्रक उंच, त्याचा पोहोचतो. म्हणून ‘ती’ ट्रक गेल्यावरच रडते!

तिने टोकं मोजली. त्या बाजूला बाकी सगळ्या पाइपांच्या टोकांना लोखंडी कॅप होत्या. उघडी टोकं नेमकी सात. त्यातल्या तीन टोकांत काहीतरी कोंबलेलं. तिने कंपासपेटीतल्या कर्कटकाने उचकटून काढलं: करड्या कापडाचा बोळा, बुचासारखा घट्ट वळलेला. सासरचं दुखणं!

ती मोठ्याने हसली, आणि तेवढ्यात थांबली. सातही टोकांवर पिवळ्या ऑइलपेंटने खुणेचे आकडे घातले होते. सातच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ मारायची सवय जगात कितीतरी जणांना असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि खाली उतरली.

दुपारी शाळा सुटल्यावर महाराज चौथ्या दुखण्यासाठी पट्टा सावरत निघाले, तेव्हा कठड्यापाशी भोंगा आणि चष्मिश आधीच उभ्या होत्या.

"खाली उतरा! मराल!" गर्दी ओरडली.

ट्रक आला. पूल रडला, पण सातही तोंडांनी, पहिल्या दिवशीसारखा.

"महाराज, तीन दुखणी तर तुम्ही काढली होती ना?" भोंगाने वरून विचारलं. आता मात्र आवाज नावाला साजेसा लागला होता. "ती मी परत घातली. ही बघा!" आणि तिने तिन्ही बोळे एकेक करून खाली टाकले. एक थेट गर्दीतल्या औषध-दुकानदार काकांच्या डोक्यावर पडला.

"पाखंडी पोर! झपाटलीय ती! तिच्या तोंडून तीच बोलतेय!" महाराज ओरडले.

"मी बोलतेय, मीच! आणि तिला गप्प करायला मला मंत्र लागत नाही." पुढच्या ट्रकला दोघींनी चार टोकं तळव्यांनी दाबली. हुंदके चारने कमी झाले. "आजोबा, तुम्ही या वर! हात लावून बघा!"

पोस्टमास्तर आजोबा जागचे हलेनात. ज्या पुलासाठी दोन वर्षं अर्ज लिहिले, त्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना ते थबकले. ते चढले. सावकाश, कठडा धरून. तळवा पाइपाच्या टोकावर ठेवला. ट्रक गेला. आजोबांनी हाताकडे पाहिलं, मग खाली जमलेल्या दीडशे माणसांकडे.

"वारा आहे रे," ते म्हणाले. "नुसता वारा. आणि त्यासाठी आपण पोरांना परत रस्त्यावर लोटलं!"

तोवर गर्दीने जिना अडवला होता आणि महाराजांच्या अंगावर प्रश्नांचा पाऊस पडत होता. महाराजांनी परिस्थिती पाहिली, कफनी गुडघ्यापर्यंत वर घेतली, लोकांतून वाट काढून धडाधड पायऱ्या चढले, आजोबांना वळसा घातला आणि पूल ओलांडून पलीकडे पसार झाले. पंधरा दिवसांत तो पूल नीट वापरणारे ते पहिलेच पादचारी!

गंमत अशी की महाराजांच्या तळव्यालाही तोच श्वास लागला असणार. त्यांनाही कळलं होतं, आणि त्यांनी ते दडवून ठेवलं. तुम्हालाही कधी असा श्वास लागेल. घाबरा, खुशाल घाबरा. पण पळण्याआधी एकदा हात लावून बघा, आणि जे कळेल ते शेजाऱ्याला सांगा. याला हिंमत लागते, पण तिच्यासाठी कफनी घालावी लागत नाही.

लोकांनी हौसेने सातही टोकांत चिंध्या कोंबल्या. पूल गप्प झाला. संध्याकाळी घरी भोंगाने हातवारे करकरून सगळं सांगितलं. आई तर हसून हसून खुर्चीत कोसळली. पप्पा हसले नाहीत. पप्पा फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते.

"चिंध्या कोंबल्या?" त्यांनी विचारलं. "कापड पाणी धरतं. पाइप आतून सडतो. वरून रंग चकचकीत, आत नुसता गंज. आणि मग एखादं पोर टेकलं की..." ते थांबले.

"पप्पा, त्या टोकांवर पिवळे आकडे आहेत. सातच्या पोटात तुमच्यासारखीच आडवी रेघ," भोंगा हळू आवाजात म्हणाली.

आई खुर्चीत सरळ होऊन बसली.

"उद्घाटनाची तारीख ठरली होती," पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "सात कॅप कमी पडल्या. मालक म्हणाले, बसव तसेच, नंतर लावू. नंतर वर जायला कुणी तयार होईना."

"आणि रडणं ऐकलंस तेव्हा?" आईचा आवाज बारीक झाला होता. "तुला कळलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण सांगितलं असतं तर मालकांनी मला दारात उभं केलं नसतं. वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील."

"मी दोन वर्षं उन्हात उभी राहिले सह्यांसाठी! आणि ठमी रोज त्या फटीतून..."

"माहीत आहे गं! रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला हात कापतो माझा. दोनदा बोटं भाजून घेतली." त्यांनी डावा हात पुढे केला. "पण आता काय? पूल गप्प झाला ना? लोक जायला लागले ना? राहू दे ना आता."

आईने लेकीकडे पाहिलं. पप्पांनीही पाहिलं. नोकरी गेली तर काय होतं, हे भोंगाला चांगलं कळत होतं. आत ठमी सोमवारची चित्रकलेची वही भरत होती, तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

"पप्पा, आई, मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि आवाज फाटला तरी थांबली नाही. "उद्या सभेत मी उठून सांगणार. चिंध्या काढायच्या, सातही कॅप वेल्ड करून घ्यायच्या, तोवर त्या बाजूला दोरी बांधायची. आणि कॅप का राहिल्या तेही सांगणार, अगदी जसं झालं तसं. मला फार भीती वाटतेय. तुम्ही आलात तर तुमचा हात धरून सांगेन, पप्पा. नाही आलात, तरी सांगेन."